खारपाणपट्टा आणि एक जुनी योजना

बुलढाणा जिल्ह्यांतील माणूस आपल्या मुलखाची वाटणी 'घाटावर' आणि 'घाटाखालीं' अशा दोनच शब्दांनीं करतो. घाटावर अजिंठ्याच्या डोंगरांत जिल्ह्याचें ठाणें. घाटाखालीं पूर्णेचें काळें, सपाट खोरें आणि त्यापलीकडे सातपुडा. या खोऱ्याच्या मोठ्या भागास, अकोला व अमरावती जिल्ह्यांतील भागासह, खारपाणपट्टा म्हणतात. वऱ्हाडचें पांढरें सोनें पिकविणाऱ्या या भुईच्या पोटांत खारें पाणी असावें, ही सृष्टीची थट्टाच म्हणावयाची! संग्रामपूर, जळगांव जामोद या तालुक्यांतील लोक पिढ्यान्‌पिढ्या तें पाणी पीत आले, आणि मूत्रपिंडाच्या विकारानें माणसें जाऊं लागलीं तेव्हां त्यांनीं पाण्याकडेच बोट दाखविलें. क्षाराचा व या रोगाचा कार्यकारणसंबंध शास्त्रज्ञांनीं अद्यापि निर्विवाद ठरविलेला नाहीं. रोगी आहेत, ही गोष्ट मात्र वादातीत आहे.

हा रोगी क्वचितच एका रोगाचा असतो. मधुमेह आणि रक्तदाब हीं मूत्रपिंड बिघडण्याचीं जगभरचीं प्रमुख कारणें. त्यांत आरंभीं दुखत नाहीं, खुपत नाहीं. रक्ताची साधी तपासणी झाली तर वेळींच कळतें. नाहीं तर अंगावर सूज येऊन माणूस अंथरुणास खिळला म्हणजे कळतें. मग आठवड्यांतून दोन-तीन वेळां, दर खेपेस चार-चार तास, यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावयाचें. त्याच्यासोबत घरांतील आणखी एकाची मजुरी बुडते. साखरेची गोळी एका दारीं, रक्तदाबाची दुसऱ्या दारीं, आणि यंत्र तिसऱ्याच गांवीं. सांधेदुखीवर सर्रास घेतली जाणारी वेदनाशामक गोळीसुद्धां मूत्रपिंडास बाधूं शकते. पण हें सांगावयास तिन्ही ठिकाणचे कागद एकत्र वाचणारा कोणी त्यास सहसा भेटत नाहीं.

आम्हांस सांगावयाचें आहे तें हें कीं, ही अडचण आज उद्भवलेली नाहीं आणि तिच्यावरील तोडगाही आजचा नाहीं. 1943 सालीं हिंदुस्थान सरकारनें सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं आरोग्यसमिती नेमली. (भोर हे नाशिकास जन्मलेले, डेक्कन कॉलेजांत शिकलेले, मराठी मुलखास याची फारशी आठवण नाहीं.) 1946 सालच्या अहवालांत समितीनें रोगप्रतिबंध व रोगोपचार यांची फारकत मोडण्यास सांगितलें आणि तूर्त 40,000 वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावें असें सुचविलें. 1952 पासून अशीं केंद्रें उघडूं लागलीं.

तथापि देशाचें चित्त साथींकडे होतें. 1953 सालीं हिंवतापाची मोहीम, 1955 सालीं कुष्ठरोगाची. प्रत्येकीचीं माणसें वेगळीं, वह्या वेगळ्या. त्या पद्धतीस नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. देवीसारखा काळ या देशांतून 1975 सालीं हटला, तो मोहिमेनेंच. परंतु देवीची लस टोंचली कीं काम संपतें, मधुमेह्याचें काम त्याच्या हयातीइतकें लांब असतें. 1967 सालीं जंगलवाला समितीनें सर्व रोगांसाठीं एकच संयुक्त व्यवस्था असावी असें बजावलें. 1973 सालीं कर्तारसिंग समितीनें गांवोगांवच्या सेवकाला एकाऐवजीं अनेक कामें शिकवावीं, असें सुचविलें.

कागदावरचें हें काम प्रत्यक्षांत उतरलेलें पाहावयाचें, तर जामखेडास जावें लागतें. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं 1970 सालीं तेथें काम मांडलें. त्यांनीं गांवांतील स्त्रिया निवडल्या. पुष्कळजणी निरक्षर, पुष्कळजणी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या. जी बाई बाळंतिणीकडे जाई, तीच कुष्ठरोग्याची व क्षयरोग्याचीही वास्तपुस्त करी. रोगाची वाटणी नव्हती, घरांची होती. आमच्या मतें साऱ्या प्रयोगाचें मर्म एवढ्यांतच आहे. 1978 सालीं आल्मा-आटा येथें राष्ट्रांनीं प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला. पुढल्याच वर्षीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

त्यानंतर 2005 सालापासून आशाताई आल्या. 2010 सालीं मधुमेह, हृद्रोग, कर्करोग यांचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. 2016 सालीं जिल्हा रुग्णालयांसाठीं रक्तशुद्धीची योजना जाहीर झाली. यंत्रांचें आम्हीं स्वागतच करूं. पण यंत्र हा रोगाचा शेवटला मुक्काम आहे. त्याच्या अलीकडची दहा-पंधरा वर्षांची वाट गांवांतच चालावी लागते: महिन्याचे महिन्याला रक्तदाब मोजणें, गोळी चुकली कां हें विचारणें, आणि पाणी.

पाणी औषधांत धरूं नये, असें कोणी म्हणेल. वान धरणाचें गोडें पाणी संग्रामपूर व जळगांव जामोद तालुक्यांतील 140 गांवांस नळानें देण्याची योजना झाली, ती याच विचारानें. नळास पाणी येत नाहीं त्या दिवशीं मात्र गृहिणी घागर घेऊन पुन्हा हापशाकडे वळते. आणि रक्तदाब मोजावयास आलेल्या आशाताईच्या वहींत या गोष्टीसाठीं रकाना नसतो.