अक्षरांचे आकडे

संगणकाच्या पडद्यावर आपल्याला 'क' दिसतो. पण यंत्राच्या पोटात 'क' नसतो, असतो नुसता आकडा. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा, हे आधी ठरवून घ्यावे लागते. तारेची कट्ट-कडकट्ट दोन्ही टोकांच्या तारमास्तरांना सारखीच कळावी लागे ना? तसेच हे.

अमेरिकेत १९६३ साली 'ॲस्की' नावाचा तक्ता झाला. त्यात जागा अवघ्या १२८. इंग्रजीचे काम भागले. बाकीच्या जगाने काय करावे? जो तो आपापला तक्ता करू लागला. एकाच आकड्याला एका तक्त्यात ग्रीक अक्षर, तर दुसऱ्यात रशियन!

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' तक्ता प्रमाण ठरवला. ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, हे ओळखून देवनागरी 'क' आणि गुजराती 'क' यांना त्यात एकच आकडा दिला. पण अक्षरांचे साचे, म्हणजे फाँट, बनवणाऱ्या पुष्कळांनी स्वतःच्याच मर्जीचे आकडे वापरले. मग एका कचेरीत टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या कचेरीत उघडावा, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला!

यावर उतारा म्हणजे 'युनिकोड'. १९९१ सालीच निघालेल्या या तक्त्यात प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा मिळाली. देवनागरीला १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली. 'क' चा आकडा २३२५. 'क्ष' ला वेगळा आकडा नाही. क, हलन्त आणि ष असे तीन आकडे ओळीने येतात. 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते, पण यंत्रात आधी क आणि मग वेलांटी. गुरुजी शिकवतात तोच हा क्रम!

मराठीचे काही हट्टही होते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. दोन्ही र एक करून कसे चालेल? दऱ्यांमधला र खाली टिंब असलेल्या 'ऱ' ला हलन्त जोडून साधला. 'ॲ' ला मात्र स्वतःची जागा मिळायला २००८ साल उजाडले.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेचा इतिहास, गावची गाणी, जुन्या म्हणी टंकून ठेवाल, तेव्हा त्या युनिकोडमध्येच ठेवा. मोडी वाचणारे कमी झाले, तशी कितीतरी दप्तरे मुकी झाली. ठरलेला आकडा सोडला, तर आजचे लिखाणही उद्या तसेच मुके होईल.