लंडनचा ‘अमेरिकन बार’

लंडनची रात्र पाहायची तर वेस्ट एंडला जावे. सातच्या सुमारास स्ट्रँडवरून चालत निघालात की नाटकाला निघालेल्या माणसांची गर्दी तुम्हांला आपोआप पुढे नेते. याच रस्त्याला, थेम्स नदीच्या अंगाला, सॅव्हॉय कोर्ट नावाची एक आखूड गल्ली फुटते. सगळ्या ब्रिटनमध्ये गाड्या डावीकडून धावतात; या गल्लीत मात्र त्या उजव्या बाजूने आत शिरतात. गल्लीच्या टोकाला सॅव्हॉय हॉटेल, आणि हॉटेलात चार पायऱ्या चढून गेले की ‘अमेरिकन बार’. आज त्या बारची हकीगत सांगायची आहे.

बार म्हटले की आपल्याकडे भुवया वर जातात, आणि ते साहजिकच आहे. १९४९ साली दारूबंदीचा कायदा केलेल्या मुंबई राज्याचे आपण वारसदार! पण इतिहासाच्या माणसाला देवळापासून गुत्त्यापर्यंत सगळीकडे डोकावून यावे लागते. मी तिथे तासभर बसलो तो लिंबाच्या सरबतावर, हे आधीच सांगून टाकतो. आत आरडाओरडा नाही, की झिंगलेला माणूस नाही. कोपऱ्यात पियानो वाजत होता, पांढऱ्या कोटातले लोक पेये मिसळत होते, आणि अधूनमधून भांड्यात बर्फ खळखळल्याचा आवाज येई. एखाद्या जुन्या ग्रंथालयात बोलावे तशी माणसे हळू बोलत होती.

आता लंडनच्या बारला ‘अमेरिकन’ का म्हणायचे? याचे उत्तर त्या खळखळणाऱ्या बर्फात आहे. इंग्रज माणूस आपली बिअर फारशी थंड न करताच पिणारा. दारूत साखर, कडू अर्क आणि बर्फ घालून घुसळायची कला अमेरिकेची. ‘कॉकटेल’ या शब्दाची व्याख्या १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्राने छापली, ती अशी : कोणतीही कडक दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. पुढे बर्फही अमेरिकेतूनच येऊ लागला. मॅसेच्युसेट्समधल्या वेनहॅम तळ्याचा बर्फ कापून जहाजाने लंडनला आणीत, आणि १८४० नंतरच्या काही वर्षांत त्याचे दुकान याच स्ट्रँड रस्त्यावर होते. दुकानाच्या काचेमागे बर्फाची लादी आणि तिच्यामागे वर्तमानपत्र ठेवीत. लादीतून अक्षरे वाचता येत, इतका तो नितळ! त्याच सुमारास तो बर्फ आपल्या मुंबईलाही येत होता. जमशेटजी जीजीभाईंनी पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवले आणि मंडळींना सर्दी झाली, ही बातमी मुंबईकरांनी तेव्हा चवीने वाचली.

दारूत चार जिनसा मिसळायचे वेड मात्र अमेरिकेहून जुने आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या किनाऱ्याला येऊन लागतो. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ साली इकडे आला. शिवराज्याभिषेकाला गेलेल्या ऑक्झिंडेनच्या वकिलातीचा वृत्तांत ज्याच्या ग्रंथात येतो, तोच हा फ्रायर. गोव्यातल्या नेरूळला उत्तम अर्क निघतो, त्याचे इंग्रज लोक पाच जिनसांचे एक पेय करतात आणि पाच म्हणून त्याला ‘पंच’ म्हणतात, असे तो लिहितो. ही व्युत्पत्ती सगळ्याच पंडितांना मान्य नाही. मला ती पटते, कारण लिहिणारा माणूस जागेवर हजर होता.

सॅव्हॉय हॉटेल उघडले १८८९ च्या ऑगस्टमध्ये. मालक रिचर्ड डॉयली कार्ट हा मूळचा नाटकवाला. शेजारच्या त्याच्या सॅव्हॉय थिएटरात १८८१ पासून विजेचे दिवे होते. हॉटेलातही वीज आणि विजेवर चालणारे पाळणे आले. अमेरिकन पाहुण्यांची वर्दळ वाढली, तसा १८९३ साली त्यांच्यासाठी हा बार निघाला.

१९०३ साली या बारची मुख्य झाली एक बाई, एडा कोलमन. जन्म १८७५ चा. घरची माणसे डॉयली कार्टांच्या पदरी नोकरीला, म्हणून त्यांना क्लॅरिजेस या हॉटेलात काम मिळाले आणि तिथे त्या मिसळण्याची विद्या शिकल्या. मार्क ट्वेनसारख्या गिऱ्हाइकांना त्यांनी पेये करून दिली. चार्ल्स हॉट्री नावाचा एक नामवंत नट थकून येई आणि काहीतरी झणझणीत द्या म्हणे. बाईंनी जिन आणि गोड व्हर्मुथ सारख्या प्रमाणात घेऊन त्यात फर्नेट या कडू इटालियन अर्काचे दोन थेंब टाकले. हॉट्रीने एका दमात पेला रिकामा केला आणि त्या पेयाला ‘हँकी पँकी’ हे नाव पडले. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चलाखी, हातचलाखी.

पण त्या काळी बारमागे उभी राहणारी बाई ही इंग्लंडात सभ्य गोष्ट मानली जात नव्हती. १९०८ साली सरकारने दारू-परवान्यांचे जे विधेयक आणले, त्यात स्त्रियांना अशा नोकरीतून काढण्याची वाट ठेवलेली होती. हेतू चांगला, बायकांचे शील जपावे हा! त्यांच्या पोटाचे काय, हे कोणी विचारले नाही. ते विचारले ईव्हा गोर-बूथ आणि एस्थर रोपर या दोघींनी. मँचेस्टरच्या पोटनिवडणुकीत मंत्रिपदावरचे विन्स्टन चर्चिल उभे होते, त्यांच्याविरुद्ध या बायकांनी रान उठवले. ईव्हाची बहीण कॉन्स्टन्स चार पांढऱ्या घोड्यांची गाडी स्वतः हाकीत गावभर फिरली. चर्चिल पडले. त्याला दुसरीही कारणे होती, पण ते पडले खरे. स्त्रियांविरुद्धचे कलम पार्लमेंटने मोठ्या बहुमताने काढून टाकले. या साऱ्या गदारोळात कोलमनबाई सॅव्हॉयमध्ये आपले काम करीतच होत्या.

पुढे १९२० च्या जानेवारीत अमेरिकेत दारूबंदी आली. ती टिकली १९३३ च्या डिसेंबरपर्यंत. तिने तिकडचे कसबी लोक बेकार केले. त्यांतला एक हॅरी क्रॅडॉक. हा जन्माने इंग्रजच, १८९७ साली अमेरिकेला गेलेला. तो परत आला आणि सॅव्हॉयमध्ये लागला. १९२६ च्या सुमारास कोलमनबाई बाजूला झाल्या आणि मुख्याची जागा क्रॅडॉककडे आली. त्यानेच बाईंना घालवले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसा पुरावा दिसत नाही. क्रॅडॉकने केले ते दुसरेच. त्याने पुस्तक लिहिले. १९३० साली निघालेल्या ‘द सॅव्हॉय कॉकटेल बुक’मध्ये सुमारे साडेसातशे कृती आहेत. ‘हँकी पँकी’ही आहे : जिन, व्हर्मुथ, फर्नेटचे दोन थेंब, सगळे बिनचूक. कोलमनबाईंचे नाव तेवढे तिथे नाही.

आम्हां इतिहासवाल्यांची खोड अशी की छापलेले हाताला लागले की आम्ही तिथेच बूड टेकतो. वर्षानुवर्षे या बारचा इतिहास म्हणजे क्रॅडॉकचा इतिहास असे चालले. बाईंनी वीस-बावीस वर्षे रोज रात्री उभे राहून जे केले, ते पेल्यांत गेले आणि पेल्यांबरोबर संपले. क्रॅडॉकचेही पुढे फार बरे झाले नाही. १९६३ साली तो गेला, तेव्हा त्याला गोरगरिबांच्या सामाईक थडग्यात पुरले. कोलमनबाई १९६६ पर्यंत जगल्या. ‘अमेरिकन बार’चे मुख्यपद पुन्हा एका स्त्रीकडे आले ते २०२१ साली.