आईचा हंडा आणि साहेबाचा डोंगर

वडूजच्या माणसाने थंड हवेच्या ठिकाणी जाऊन तंबूत राहावे, ही कल्पना माझी. पुढे तिचे जे झाले ते आईचे. १९७५ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. मी इतिहासाचा मास्तर. शाळेच्या अडगळीत बालवीरांचा एक जुना तंबू पडला होता. तो दोन रात्रींसाठी मागून आणला आणि घरात जाहीर केले, "उद्या महाबळेश्वर!" मुलांनी उड्या मारल्या. "हॉटेल परवडत नाही असं सरळ सांगा की," म्हणत हिने भाकऱ्या थापायला घेतल्या. आईने मात्र काही न बोलता तांब्याचा हंडा घासायला काढला.

पहाटे निघताना पाहतो तो हंडा काठोकाठ भरलेला, तोंडाला फडके बांधलेले.

"अगं आई, महाबळेश्वरला पाणी नेतेस? तिथं कृष्णा उगवते!"

"उगवत आसंल. आपल्या दारात येतीया का ती?"

यावर इतिहासाच्या मास्तराकडे उत्तर नव्हते. आमच्या खटाव तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही त्याच्या मर्जीने. आणि शंभरेक किलोमीटरवर महाबळेश्वरला सहा हजारांच्या आसपास. बहात्तरच्या दुष्काळात आमची येरळा म्हणजे नुसता वाळूचा रस्ता झाला होता. टँकरची वाट पाहत आई याच हंड्यावर डोके टेकून रात्र काढी. एकदा नेमका तिच्या पुढच्या बाईपाशी टँकर संपला. तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत ती देवाच्या शब्दावरही विसंबत नसे, तिथे माझ्या शब्दाची काय कथा!

पुसेगाव, कोरेगाव, सातारा करीत गाडी मेढ्याच्या पुढे घाटाला लागली, तोवर निम्मा हंडा शेजारच्या गृहस्थांच्या धोतरात उतरला होता. गृहस्थ भले होते. "उन्हाचं बरं वाटतंय," म्हणाले.

वळणांनी मुलांची तोंडे कडू झाली, म्हणून मी इतिहास काढला. (त्याने तोंडे गोड होतात असा माझा वर्गातला अनुभव नाही.) १८२४ साली लॉडविक नावाचा साताऱ्याचा लष्करी साहेब हा डोंगर चढून आला. त्याला हवा आवडली. मग रेसिडेंट ब्रिग्जसाहेबाने प्रतापसिंह महाराजांना गळ घातली आणि १८२५ साली महाराजांनी साताऱ्याहून वर रस्ता करून दिला. पाठोपाठ मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम आले. आजारी गोऱ्यांना हवापालटाची जागा हवी होती. १८२९ साली करार होऊन डोंगर कंपनीकडे गेला, तिथल्या वस्तीला माल्कमपेठ नाव पडले आणि बदल्यात महाराजांना वाईकडचे खंडाळा हे गाव मिळाले.

"म्हणजे फसवलंच की आपल्याला!" चिरंजीव म्हणाले.

"रस्ता केला तितंच चुकलं राजाचं," आई हंडा सावरीत म्हणाली. "रस्ता केला की पाव्हणा येतुया."

मी या विषयावर पुष्कळ पाने वाचली होती, पण इतके नेमके कुठे वाचल्याचे आठवेना. दहाच वर्षांनी, १८३९ साली, त्याच महाराजांना पाहुण्यांनी गादीवरून काढून काशीला धाडले. १८४८ साली राज्यच खालसा झाले. आणि पाहुणा हलेना म्हणून ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, तेव्हा गोळीबारात नऊ जण हुतात्मा झाले. आई त्या वर्षी नवी सून म्हणून वडूजला आली होती. गोळ्यांचा आवाज तिने घरातून ऐकला होता. त्याबद्दल ती कधी फार बोलली नाही. गाडीतही बोलली नाही.

एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीत मुक्काम टाकला. साहेबांचे तंबू ठोकायला खलाशी असत. आमचा मी ठोकला, एवढाच काय तो फरक. जेवायला बटाट्याची भाजी होती. इथे बटाटा आणि भाजीपाला पिकवण्यात कंपनीच्या चिनी कैद्यांचा मोठा हात होता, ही माहिती मी पुरवली. "मग मीठ कमी पडलं तेही त्यांच्यावर घाला," ही म्हणाली.

रात्री वळीव आला. वडूजला वळीव येतो तो चौकशी करून जातो. हा बिऱ्हाड करायला आला होता. पहिली खुंटी उपटली, मग दुसरी, आणि बालवीरांचा तंबू ओल्या गोधडीसारखा आमच्या अंगावर बसला. मी दोरी शोधतोय, मुले रडताहेत, ही माझ्या कल्पकतेचा उद्धार करतेय. आणि आई? आई बाहेर भर पावसात उभी राहून पातेली मांडीत होती. हंडा, कळशी, तांब्या, मुलांचे पेले, माझा दाढीचा मगसुद्धा!

"आई, आत ये, भिजशील!"

"भिजू दे रं. वाया चाललंय सगळं!"

डोंगरभर पाणी धावत होते. शेवटी मीही तंबू सोडला आणि डबे मांडायला लागलो.

सकाळी क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचे पाणी गोमुखातून पडते. आईने तिथे पावसाचे पाणी ओतून टाकले आणि हंडा कृष्णेच्या पाण्याने भरला. वेण्णा तलावाकडे ती फिरकली नाही; १८४२ साली तो साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवला, हे सांगितल्यावर म्हणाली, "खटावात बांधला आस्ता तर बगाय गेली आस्ती."

परतीच्या गाडीत हंडा पुन्हा हिंदकळला. वडूजला उतरलो तेव्हा तळाशी तांब्याभर उरले होते. ते तिने घरात न नेता येरळेच्या वाळूत ओतले. येरळा खाली ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, हे मी तिला सांगितले. "तितं मिळून आमाला काय?" म्हणाली.

पुढे बऱ्याच वर्षांनी जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचे पाणी उचलून नेरच्या तलावात आले. तोवर आई राहिली नव्हती. बातमी वाचून हिने माळ्यावरचा हंडा उतरवला, चिंचेने लखलखीत घासला आणि नळाखाली नेऊन ठेवला. त्या दिवशी नळाला पाणी नव्हते.