शिवेवरची प्रार्थना

चर्चमधल्या सोबत्यांनी मिळून आपल्याच वस्तीच्या गल्ल्यांतून प्रार्थना करीत फिरावे, ही प्रथा आज नवी वाटते. इंग्लंड-अमेरिकेत तिचा बोलबाला झाला तो १९८० नंतर. १९८७ साली लंडनच्या रस्त्यांवरून हजारो ख्रिस्ती स्त्रीपुरुष गात चालले आणि पुढे ही लाट देशोदेशी गेली. पण चालत प्रार्थना करण्याची रीत पंधराशे वर्षांची आहे, आणि तिचा इतिहास निव्वळ भक्तीचा नाही. तो जमिनीचाही आहे.

सुमारे इ.स. ४७० मध्ये गॉलमधील व्हिएन (आजच्या फ्रान्समधले) हे शहर भूकंप आणि आगींनी हादरले होते. तिथला बिशप मामेर्तुस याने येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधीचे तीन दिवस उपवास आणि मिरवणुकीसाठी नेमले. ५११ च्या ऑर्लेआंच्या धर्मसभेने ही प्रथा त्या राज्यभर लागू केली. त्या दिवसांत दासदासींनाही कामातून मोकळीक द्यावी, असे ठरावात होते. रोममध्ये तर त्याहून जुना धागा सापडतो. गव्हावर तांबेरा पडू नये म्हणून २५ एप्रिलला रोमन लोक रोबिगस या देवतेसाठी मिरवणूक काढीत. ख्रिस्ती मिरवणुकीने तोच दिवस घेतला. देव बदलला तरी पिकाची काळजी तीच राहिली.

इंग्लंडमध्ये या चालण्याला वेगळेच वळण लागले. तिथे पॅरिश म्हणजे एका चर्चखालचा गावशिवार. वर्षातून एकदा पाद्री, जाणती माणसे आणि पोरे त्याच्या हद्दीवरून फिरत. ठरावीक झाडे आणि दगड आले की थांबून प्रार्थना होई. पोरांच्या हाती विलोच्या छड्या असत, त्यांनी ती दगडांना झोडपीत. कुठे कुठे पोरांनाच दगडावर आपटीत किंवा छडी मारीत, मग खाऊ वा पैसे देत. नकाशे नसलेल्या काळात हा कागदपत्रच होता. साठ वर्षांनी तंटा उभा राहिला तर तो म्हातारा सांगू शके, मला मार पडला तो याच दगडापाशी. आपल्याकडे शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष निर्णायक मानीत आणि त्याला हद्दीवरून चालवीत. त्याची आठवण इथे होतेच. फरक एवढाच की आपल्याकडे हे ओझे एका जातीवर होते.

धर्मसुधारणेच्या वावटळीत इंग्लंडमधल्या बाकीच्या मिरवणुका बंद झाल्या, पण १५५९ मध्ये एलिझाबेथ राणीच्या आज्ञापत्राने ही एक राखली. झेंडे, क्रूस गेले. स्तोत्रे आणि शेजाऱ्याची खूण सरकवणाऱ्याला शाप, एवढे राहिले. कवी आणि पाद्री जॉर्ज हर्बर्ट (मृत्यू १६३३) याने गावच्या पाद्र्यावरच्या आपल्या पुस्तकात या फेरीचे चार लाभ सांगितले: पिकाला आशीर्वाद, हद्दीचा न्याय, सोबत चालताना भांडणे मिटणे, आणि गरिबांना दानधर्म. चौथा लाभ वाचताना मात्र मन साशंक होते.

कारण गरिबांना पोसण्याची जबाबदारी १६०१ च्या कायद्याने पॅरिशवर आली आणि १६६२ च्या कायद्याने कोण 'आपला' हे ठरवणे अटळ केले. बाहेरून आलेला, उद्या भार होईल असा माणूस मूळ पॅरिशला परत पाठवता येई. अनौरस मूल जिथे जन्मेल तिथले ठरे, म्हणून दिवस भरत आलेल्या निराधार बायांना हद्दीपलीकडे ढकलल्याच्या नोंदी आहेत. जी रेघ स्तोत्रे म्हणत पायांनी पक्की केली, तिच्याच आधाराने हे घडे. हर्बर्ट खोटे बोलत नव्हता. दया रेघेच्या आत होती, एवढेच.

पुढे शेतांना कुंपणे पडली, १८३६ नंतर धर्मकरासाठी तपशीलवार नकाशे झाले आणि पोरांची पाठ वाचली. प्रथा विरळ होत गेली. आजच्या प्रार्थनाफेऱ्यांना हद्दीशी देणेघेणे नाही. त्या घराघरांपुढे थांबतात, तिथल्या माणसांसाठी मागणे मागतात. ती माणसे कुठल्या चर्चची, किंवा चर्चचीच की नाहीत, हे कोणी विचारत नाही.

ऑक्सफर्डच्या सेंट मायकेल चर्चची मंडळी मात्र अजूनही स्वर्गारोहणाच्या दिवशी छड्या घेऊन निघतात. त्यांचा एक हद्दीचा दगड आता मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानात आहे. गिऱ्हाइके बाजूला होतात आणि दगडाला छड्या बसतात.