नभोवाणीवरील वक्ता आणि सत्याची जबाबदारी

‘शतं वद, मा लिख’ असें एक जुनें वचन आहे. शंभर गोष्टी तोंडानें बोलाव्या, परंतु एकहि लिहून देऊं नये. कारण लिहिलेलें पुराव्यास राहतें आणि बोललेलें वाऱ्यावर जातें, असा त्यांतील व्यवहारी उपदेश. नभोवाणी आली आणि हा हिशेब उलटा झाला. वाऱ्यावर सोडलेला शब्दच लक्षावधि घरांत एका क्षणीं जाऊन पोहोंचूं लागला; मात्र त्याचा आधार तपासण्यास ऐकणाऱ्याच्या हातीं कांहींच उरलें नाहीं. अशा शब्दाची जबाबदारी कोणीं घ्यावी? अमेरिकेला या प्रश्नाचा मोठा धडा मिळाला, तो चार्ल्स कॉग्लिन या पाद्र्याच्या प्रकरणांत.

कॉग्लिनचा जन्म १८९१ सालीं कॅनडांत झाला. डेट्रॉइट शहरानजीकच्या रॉयल ओक गांवीं तो रोमन कॅथॉलिक पंथाचा धर्मोपदेशक होता. १९२६ सालीं त्यानें नभोवाणीवरून रविवारचीं प्रवचनें देण्यास आरंभ केला. १९२९ च्या आर्थिक अरिष्टानंतर बँका बुडाल्या, लाखों लोक बेकार झाले, आणि हळूहळू प्रवचनांची जागा राजकारणानें घेतली. गरिबांच्या पोटाचा प्रश्न तो त्यांना समजेल अशा भाषेंत मांडीत असे. म्हणूनच लोकांनीं त्याला जवळ केलें, हें मान्य केलें पाहिजे. ऐन भरांत असतां त्याचे श्रोते तीन कोटींपर्यंत असावे, असा अंदाज केला जातो.

१९३१ च्या आरंभीं कोलंबिया नभोवाणी कंपनीनें त्याला भाषा आवरावयास सांगितलें. त्यानें तेंच गाऱ्हाणें श्रोत्यांपुढें मांडलें, आणि कंपनीवर निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. कंपनीनें त्याचा करार पुढें चालविला नाहीं. परंतु कॉग्लिननें निरनिराळ्या स्थानकांवरील वेळ पैसे देऊन विकत घेतली व स्वतःचें जाळें उभारलें. वरवर पाहतां हा बदल लहान, पण परिणामीं मोठा होता. आतां बोलणारा हाच गिऱ्हाईक झाला. आणि ‘तुमच्या विधानास आधार काय?’ असें गिऱ्हाइकास विचारण्यास दुकानदार सहसा धजत नाहीं.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्रीं जर्मनींत ज्यू लोकांचीं दुकानें फोडण्यांत आलीं, त्यांचीं प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं, आणि सुमारें ३०,००० ज्यू पुरुषांस छळछावण्यांत डांबण्यांत आलें. अवघ्या अकरा दिवसांनीं, २० नोव्हेंबरास, कॉग्लिननें आपल्या श्रोत्यांस सांगितलें कीं, नाझींचा हा छळ साम्यवादापासून स्वतःचा बचाव करण्याच्या वृत्तींतून उद्भवला आहे. रशियन राज्यक्रांतीस ज्यू सावकारांनीं पैसा पुरविला, असें तो पुढें म्हणाला, आणि त्यासाठीं त्यानें ब्रिटिश सरकारच्या एका श्वेतपत्रिकेचा हवाला दिला. छापील श्वेतपत्रिका उघडून पाहणाऱ्यांस तींत तसें विधान आढळलें नाहीं. पण रविवारीं दुपारीं मुलांबाळांसह यंत्राजवळ बसलेला गृहस्थ श्वेतपत्रिका कोठून उघडणार? आधाराचें नांव कानीं पडलें, एवढाच त्याला आधार.

त्या दिवशीं न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. एम. सी. ए. या स्थानकानें एक साधी गोष्ट केली. भाषण संपतांच स्थानकाच्या निवेदकानें जाहीर केलें कीं, फादर कॉग्लिन यांच्या बोलण्यांत वस्तुस्थितीच्या कांहीं चुका झाल्या आहेत. असत्य ज्या कानांत गेलें, त्याच कानांत, त्याच घटकेस, दुरुस्तीहि गेली. पुढील भाषणाची प्रत आगाऊ दाखवावी, अशी अट स्थानकानें घातली, आणि पुढच्या रविवारचें भाषण तेथून गेलें नाहीं. तेव्हां कॉग्लिनचे अनुयायी स्थानकाच्या दारांत निदर्शनें करूं लागले, आणि तीं कित्येक महिने चालूं राहिलीं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘सोशल जस्टिस’ या त्याच्या साप्ताहिकांत त्याच्या नांवानें एक लेख आला. त्यांतील कांहीं मजकूर गोबेल्सच्या १९३५ सालच्या न्युरेंबर्ग येथील भाषणांतून उचललेला होता, हें दोन्ही मजकूर शेजारीं ठेवून दाखवितां आलें. छापील शब्द असा सांपडतो. हवेंतला शब्द पकडावयास निवेदकाचें धैर्य लागलें.

सरकारनें काय केलें, असें कोणी विचारील. १९३४ च्या कायद्यानें नभोवाणीवरील मजकुरास कात्री लावण्याची अमेरिकन सरकारला मनाई होती, आणि ती मनाई हितावहच होती. त्याच काळीं जर्मनींत नभोवाणी सर्वस्वी सरकारच्या मुठींत होती. तेथें असत्य दुरुस्त करणारा निवेदकच उरला नव्हता. अखेरीस अमेरिकेंतील स्थानकचालकांच्या राष्ट्रीय संघानें १९३९ सालीं नियम केला कीं, वादग्रस्त विषयांवरील भाषणांसाठीं वेळ विकूं नये. १९४० सालीं कॉग्लिनचीं भाषणें बंद पडलीं. १९४२ सालीं साप्ताहिकाची टपालाची सवलत गेली, धर्माध्यक्षानेंहि त्याला राजकारण सोडण्याची आज्ञा केली. १९७९ सालीं तो वारला.

वादग्रस्त प्रश्नाच्या निरनिराळ्या बाजू स्थानकांनीं श्रोत्यांपुढें ठेवाव्या, असा दंडक अमेरिकेच्या सरकारी मंडळानें १९४९ सालीं घातला. तो १९८७ सालीं रद्द झाला. परंतु दोन्ही बाजू मांडणें निराळें आणि खरें बोलणें निराळें. मताला दुसरी बाजू असते. एखाद्या कागदांत अमुक वाक्य आहे कीं नाहीं, याला दुसरी बाजू नसते. कॉग्लिनचें तोंड बंद करूं पाहिलें तेव्हां त्याला हुतात्म्याचा आव आणतां आला. चूक दाखविली तेव्हां मात्र त्याला आपला आधार सांगत बसावें लागलें. वक्त्यापुढें ध्वनिक्षेपक ठेवणारानें आधी आधार विचारावा, आणि चूक झाल्यास त्याच घटकेस ती सांगावी. त्यानें हें न केलें, तर तें काम ऐकणाऱ्यावर येऊन पडतें. आणि ऐकणाऱ्याजवळ तर केवळ एक कळ असते, ती फिरवून यंत्र बंद करण्याची.