देव एक, पंगती किती? : प्रार्थना समाजाची वाटचाल, देवपुरातून पाहिलेली

धुळ्याच्या देवपुरात पंगत म्हटली की वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. बट्टी चुरायची, वर वरण ओतायचं, तूप सोडायचं आणि मान खाली घालून जेवायचं. मी लहान असताना एका लग्नात वाजंत्री वाजवणाऱ्यांना वेगळी पंगत दिली होती. मांडवाच्या बाहेर, भिंतीला लागून, सगळ्यांचं उरकल्यावर. मी आजीला विचारलं, ते आपल्यात का बसत नाहीत? ती म्हणाली, "देव एकच शे," आणि पुढचं वाक्य तिने गिळून टाकलं. प्रार्थना समाजाचा इतिहास वाचताना मला त्या गिळलेल्या वाक्याची पुष्कळदा आठवण आली. देव एक आहे हे मान्य करायला फारसं काही लागत नाही. मग ताटं वेगळी का, हा पुढचा प्रश्न आला की भलेभले अडखळतात. या संस्थेचं दीडशे वर्षांचं पुण्य आणि तिची सगळी कचखाऊ वृत्ती या अडखळण्यातच आहे.

सुरुवातही ताटापासूनच झाली. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. निघाली म्हणजे गुपचूप निघाली. मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या मुळाशी होते. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं, अशी परीक्षा होती. दार लावून एक घास खाल्ला की जातिभेद मोडला! आज हसू येतं. पण त्या काळी त्या घासाची किंमत म्हणजे वाळीत पडणं, बहिणीचं लग्न अडणं, घरातलं श्राद्ध करायला भट न मिळणं. १८६०च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार अशी हवा पसरली आणि सभा बसली. पाव पचला होता, नाव छापून येणं पचलं नाही.

त्यानंतर ब्राह्म समाजाचे केशवचंद्र सेन बंगालमधून मुंबईत आले आणि त्यांच्या व्याख्यानांनी विझत चाललेल्या निखाऱ्यावर फुंकर घातली. ३१ मार्च १८६७ रोजी दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. या वेळी सभा उघड होती, पण पावाची अट गेली होती. एका निराकार परमेश्वराची उपासना करायची, मूर्ती, अवतार, ग्रंथप्रामाण्य मानायचं नाही. मात्र घरात कुलाचार चालत असतील तर चालू देत, जानवं काढायची सक्ती नाही. बंगालचे ब्राह्म आमच्या या सौम्यपणाला नाकं मुरडत. मला वाटतं, समाज टिकला तो याच सौम्यपणामुळे, आणि लहान राहिला तोही याचमुळे.

युनिटेरियन पंथाचा धागा इथे घ्यायला हवा, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. हे ख्रिस्ती धर्मातले एकेश्वरी. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे त्रैक्य त्यांना मान्य नाही. येशू हा थोर माणूस, देव नव्हे. आणि विवेकाला न पटणारं कोणत्याही ग्रंथात असलं तरी स्वीकारायचं नाही. ट्रान्सिल्व्हेनियात १५६८ साली तोर्डा गावच्या सभेने धर्मोपदेशकाला आपल्या समजुतीप्रमाणे उपदेश करण्याची मुभा दिली, तिथपर्यंत त्यांची परंपरा जाते. आपल्याकडे राजा राममोहन रॉय यांनी १८२१ साली विल्यम ॲडम यांच्याबरोबर कलकत्त्यात युनिटेरियन कमिटी काढली. ब्राह्म समाज त्यानंतर सात वर्षांनी, १८२८ला आला. राममोहन ब्रिस्टलला वारले. त्याच ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर या युनिटेरियन बाई १८६६ साली हिंदुस्थानात आल्या आणि मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका कशा तयार होतील, एवढा एकच प्रश्न विचारत फिरल्या. मूर्तिपूजेपेक्षा त्यांना शिक्षिकांची चिंता जास्त होती. पंथाचा स्वभाव कळायला हे पुरे.

समाजात न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर आल्यावर वजन आलं. 'सुबोधपत्रिका' १८७३ साली सुरू झाली, गिरगावात १८७४ साली मंदिर उभं राहिलं. रविवारी उपासना ठेवणं ही पद्धत उघडच परकी. पण उपासनेत म्हटले जात ते तुकोबांचे अभंग, आणि भांडारकरांसारखा पंडित त्यांवर निरूपण करी. पोशाख बाहेरचा, आवाज घरचा. रात्रशाळा निघाल्या. पंढरपुरात १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम सुरू झाला. विधवेच्या पोटचं मूल चंद्रभागेच्या वाळवंटात सोडलं जाई, त्या गावात हा आश्रम. समाजाने केलेल्या सगळ्या कामांत मला हे काम पहिल्या नंबरचं वाटतं, कारण इथे वादविवादाला जागाच नव्हती. मूल रडत होतं, ते उचललं.

आता धुळ्याची गोष्ट. १८७९च्या मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा जळले. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चालू होतं आणि सरकारला रानड्यांचा संशय येत होता. त्यांची नाशिकहून धुळ्याला तडकाफडकी बदली झाली. रेल्वेचा चाळीसगाव-धुळे फाटा व्हायला अजून वीसेक वर्षं होती. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ नंतर आखलेल्या सरळ गल्ल्या, पांझरेचं पात्र आणि अलीकडे आमच्या देवपुरात एकवीरेचं देऊळ, एवढं गाव. इथे रानड्यांची टपालातली पत्रं फोडून वाचली जात. बंडवाल्यांच्या नावाची खोटी पत्रंही त्यांना येत, ती ते सरळ पोलिसांकडे पाठवून देत. सोबत रमाबाई होत्या. रानड्यांचं हे दुसरं लग्न १८७३ सालचं, नवरा एकतीस वर्षांचा, बायको अकराची. विधवाविवाहाचा कैवारी विधवेशी लग्न न करता वडिलांच्या हट्टापुढे वाकला, याबद्दल सुधारकांनीच त्यांना बोल लावले. ते बोल खरेच होते. पण त्याच मुलीला त्यांनी घरच्या बायकांचे टोमणे सोसत शिकवलं, आणि पुढे पुण्यातल्या सेवासदनाचा संसार तिने उभा केला. माणूस एका ठिकाणी वाकला म्हणून सगळीकडेच वाकतो असं नाही, हे लक्षात ठेवायला धुळेकरांकडे घरचं उदाहरण आहे.

वाकण्याचं आणखी एक उदाहरण मात्र टाळता येत नाही. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली. रानडे होते, टिळकही होते. नावं छापून आली, ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, माजलं आणि शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. परमहंस सभेच्या पावाला चाळीस वर्षं झाली होती आणि आपण अजून बिस्किटावर अडलेलो! बरोबरच्या लोकांची कुचंबणा होऊ नये म्हणून घेतलं, असं त्यांचं समर्थन करतात. असेलही. तरी एकेश्वरनिष्ठेची कैफियत लिहिणाऱ्या माणसाने चहासाठी प्रायश्चित्त घ्यावं, हे वाचताना आजही चटका बसतो.

हा पेच सोडवणारा माणूस ब्राह्मणही नव्हता आणि मुंबईचाही नव्हता. विठ्ठल रामजी शिंदे, जमखंडीचे, जन्म २३ एप्रिल १८७३, घरात वारकरी वळण. पुण्यात शिकताना ते समाजात आले. अमेरिकन युनिटेरियन धर्मोपदेशक जे. टी. संडरलँड १८९५-९६च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात येऊन गेले होते. इथल्या एकेश्वरी समाजांतले तरुण ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला पाठवण्याची सोय त्यातून झाली. १९०१ साली शिंदे त्या शिष्यवृत्तीवर गेले. तिथे ते तौलनिक धर्मशास्त्र शिकले, पाली शिकले. शहरांतल्या गरीब वस्त्यांत युनिटेरियन लोक कशी कामं करतात तेही त्यांनी पाहिलं. ख्रिस्ती होण्याची अट नव्हती आणि कोणी तशी अपेक्षाही केली नाही. सप्टेंबर १९०३मध्ये ॲमस्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेत हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचून ते परतले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

परतल्यावर शिंद्यांनी पहिली गोष्ट कोणती केली? मोजणी. १९०१च्या खानेसुमारीचे आकडे काढून अस्पृश्य किती, कुठे, कोणत्या जातीचे, हे मांडायला घेतलं. उपासनेला बसणाऱ्यांच्या हातात कोष्टक देणारा हा पहिलाच प्रचारक असावा. मग १९०५ साली अहमदनगरजवळ भिंगारला महार मंडळींच्या रात्रीच्या सभेत ते बसले आणि उरलेलं आयुष्य याच कामाला द्यायचं ठरवून उठले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला निराश्रित साहाय्यकारी मंडळीची पहिली शाळा निघाली. डिप्रेस्ड क्लासेस मिशन म्हणतात ती हीच संस्था. अध्यक्ष प्रार्थना समाजाचे सर नारायण चंदावरकर, सरचिटणीस शिंदे. शिंद्यांचं घरच कामात उतरलं. बहीण जनाक्का मुलींना शिकवू लागली. आईवडीलही अस्पृश्यांच्या वस्तीत राहायला आले. मांडवाबाहेरच्या पंगतीत जाऊन बसलेलं हे समाजातलं पहिलं कुटुंब, असं मी म्हणेन. पावाचा तुकडा दार लावून खाण्याची गरजच उरली नाही.

समाजाला हे झेपलं का? पुरतं नाही. १९१०मध्ये मतभेद होऊन शिंद्यांचं प्रचारकपद संपलं. मिशन वाढत राहिलं, पण पुढे त्यावरही बाण आले, आणि ते ज्यांच्यासाठी काम चाललं होतं त्यांच्याकडून आले. १९२०च्या नागपूर परिषदेत डॉ. आंबेडकरांनी शिंद्यांच्या भूमिकेला कडाडून विरोध केला. आमचे प्रतिनिधी आम्ही निवडू, इतरांनी आमच्यासाठी निवडायचे नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. मला तो बरोबर वाटतो. पंगतीत बसवून घेणं वेगळं आणि पंगत कोणाची हे ठरवणं वेगळं. शिंद्यांना हे लागलं असणार, तरी १९३३ साली त्यांनी 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ छापला, काम सोडलं नाही. २ जानेवारी १९४४ला ते गेले तेव्हा समाजातले, मराठ्यांतले आणि दलित चळवळीतले असे तिघेही त्यांच्याशी थोडे थोडे फटकून होते. अशा माणसाचा पुतळा लवकर होत नाही.

खानदेशात याच वेळी दुसऱ्या वाटेने तीच चाल सुरू होती. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी एक असा गीतेचा एकेक अध्याय सांगितला. १९ जूनला अठरावा संपला. लिहून घेणारे साने गुरुजी. प्रार्थना समाजाचा याच्याशी संबंध नाही, विनोबा काही मूर्तीचे वैरी नव्हेत. पण रविवार, मराठी निरूपण आणि सगळ्या जातीचे कैदी एका ओळीत, हे चित्र गिरगावच्या मंदिराला हेवा वाटावा असं आहे. पाच वर्षांनी, ३१ जुलै १९३७ला, खटल्याच्या कामासाठी आलेले आंबेडकर धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले. आजही दर वर्षी त्या तारखेला तिथे माणसांची रीघ लागते. आणि मे १९४७मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं. ज्या गावात समाजाने टाकलेली पोरं उचलली, त्याच गावात विठोबाच्या दारासाठी अमळनेरच्या मास्तराला उपाशी राहावं लागलं.

आज प्रार्थना समाज हे मुंबईकरांना गिरगावातल्या एका चौकाचं नाव वाटतं. टॅक्सीवाल्याला सांगा, तो बरोबर नेतो, मंदिर कुठलं ते मात्र त्याला विचारू नका. सभासदसंख्या कधीच मोठी नव्हती. द्वा. गो. वैद्यांनी समाजाचा इतिहास १९२७ साली लिहिला, तोही आता जुन्या ग्रंथालयांत शोधावा लागतो. पण वाळीत टाकण्याची ज्या पुढाऱ्यांना धास्ती होती, ते वाळीत टाकणंच महाराष्ट्रात आता गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा २०१७च्या जुलैत लागू झाला; तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा करावा लागला, याचा अर्थ जातपंचायती अजून बसतात. परमहंस सभेची यादी चोरीला गेली त्या रात्री असा कायदा असता तर? असो, तेव्हा कायदा नव्हता आणि ते घाबरले, यात आपण ऐटीने हसण्यासारखं काही नाही. मांडवाबाहेरची ती पंगत मीही नुसती पाहिली, उठून तिकडे गेलो नाही.

आषाढीला मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी निघते, महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते. खानदेशातले वारकरी दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहतात. या वर्षी जाणार असाल तर रांगेतून सुटल्यावर प्रार्थना समाजाच्या त्याच आश्रमाचा, म्हणजे वा. बा. नवरंगे बालकाश्रमाचा, पत्ता विचारा. जाताना मोकळ्या हातांनी जाऊ नका.