एका गणनविधीची भाषांतरे : अल्गॉल, फोर्ट्रान व जावा

त्रिकर्णी रूपात आणलेल्या सममित मॅट्रिक्सची आयगेन-मूल्ये व आयगेन-सदिश काढणारा ‘टीक्यूएल२’ हा विधी बाउडलर, मार्टिन, राइन्श व विल्किन्सन यांनी १९६८ साली अल्गॉल ६० या भाषेत प्रसिद्ध केला. पुढे १९७१ च्या विल्किन्सन-राइन्श ग्रंथात तो समाविष्ट झाला. अमेरिकेत मात्र शास्त्रीय गणनात फोर्ट्रानचे प्राबल्य होते. त्यामुळे आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या पुढाकाराने या ग्रंथातील विधी फोर्ट्रानमध्ये उतरविण्यात आले व त्यांतून ‘आइसपॅक’ हा संग्रह सिद्ध झाला. १९९८ मधील ‘जामा’ या संग्रहात हाच विधी जावा भाषेत आला. तिन्ही पाठांतील गणित एकच आहे. भिन्नता आहे ती गणिताभोवतीच्या व्यवस्थेत.

अल्गॉलमध्ये आवर्तनाचा क्रमांक उतरता ठेवता येई. तत्कालीन फोर्ट्रानला ते मान्य नव्हते. म्हणून भाषांतरकारांनी एक चढता साहाय्यक चल घेऊन त्यातून उतरता क्रमांक वजाबाकीने काढला, आणि मूळ अल्गॉल वाक्याचा आशय वर टिपण म्हणून नोंदवून ठेवला. हस्तलिखिताच्या समासात मूळ पाठ जपावा, तसाच हा प्रकार होय. जावामध्ये उतरते आवर्तन पुन्हा सरळ लिहिता आले.

यंत्राच्या अचूकतेची मर्यादा अल्गॉलमध्ये प्राचल म्हणून बाहेरून येई. आइसपॅकच्या आरंभीच्या पाठात ती प्रत्येक यंत्रासाठी आज्ञावलीतच भरावी लागे. १९८३ च्या पाठात ती अजिबात नाहीशी झाली : लहान संख्या मोठीत मिळवूनही बेरीज बदलत नसेल, तर ती नगण्य मानावी, अशी कसोटी तेथे योजिली आहे. जावाच्या पाठात २ चा उणे ५२ वा घात हा स्थिरांकच लिहिलेला आहे. कारण जावाने संख्यांचे स्वरूप यंत्रनिरपेक्ष ठरविले होते.

सर्वांत विचारणीय भाग अपयशाच्या सूचनेचा आहे. ३० आवर्तनांतही एखादे मूल्य हाती न आल्यास अल्गॉलचा विधी बाहेरून दिलेल्या ‘फेल’ या खुणेकडे थेट उडी घेई. अशी खूण प्राचल म्हणून देण्याची सोय १९६६ च्या प्रमाण फोर्ट्रानमध्ये नव्हती. तिच्या जागी ‘आयईआरआर’ हा पूर्णांक आला : शून्य असल्यास सर्व ठीक, अन्यथा कितवे मूल्य अडले त्याचा क्रमांक. भाषेच्या उणिवेमुळे येथे मूळापेक्षा अधिक माहिती मिळू लागली, हे विशेष.

जावामध्ये तर अपवाद उपस्थित करण्याची स्वतंत्र यंत्रणाच आहे. तिघींत हीच भाषा या बाबतीत सर्वांत सुसज्ज. तरीही जामाच्या पाठात आवर्तने मोजली जातात, पण ती संख्या कशाशीही ताडली जात नाही. ही तपासणी येथे करता येईल, एवढे टिपण तेवढे कंसात आहे. जेथे भाषेने अडविले तेथे भाषांतरकाराने थांबून विचार केला. जेथे वाट मोकळी होती, तेथे मूळ कर्त्यांनी घातलेला ३० चा बांध मात्र गळून पडला. फोर्ट्रानच्या पाठाबरोबर जामाचा पाठ ठेवून वाचणाऱ्यासच ही त्रुटी दिसेल. कारण नेहमीच्या मॅट्रिक्सवर दोन्हींची उत्तरे जुळतात.